घरात पहिल्यांदा कुत्र्याचे पिल्लू आणताना: लस, शिकवण आणि चाव्यापासून बचाव

कुत्र्याच्या पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. लस दिल्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला आणखी तीन-चार आठवडे लागतात. पण पिल्लू सर्वांत जास्त दात लावते ते दोन ते सहा महिन्यांच्या वयात. याचा अर्थ असा की ज्या काळात पिल्लू घरातल्या मुलांच्या हातापायांना सतत चावत असते, त्यातला बराचसा काळ त्याला रेबीजपासून संरक्षण नसते.

बहुतेक कुटुंबांना हे माहीत नसते. ‘आपलेच पिल्लू आहे, एवढेसे आहे, खेळताना दात लागला’ असे म्हणून जखमेवर हळद लावली जाते आणि विषय संपतो. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र चावल्यानंतर वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो. म्हणून पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराने तीन गोष्टी एकत्र समजून घ्याव्यात: पिल्लाची लस, पिल्लाची शिकवण आणि दात लागल्यावर माणसाने काय करायचे.

या लेखातील माहिती भंडारा जिल्ह्यातील घरे, हवामान आणि आरोग्यसेवा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. पिल्लाच्या औषधांचे आणि लसींचे नेमके वेळापत्रक तुमचे पशुवैद्यकच ठरवतील.

पिल्लू केव्हा आणि कसे आणावे?

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी त्याला आईपासून तोडू नका. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसारही आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आई आणि भावंडांबरोबर खेळताना पिल्लू एक महत्त्वाची गोष्ट शिकते. जोरात चावले की समोरचे पिल्लू किंचाळते आणि खेळ थांबतो. महिन्याभराचे पिल्लू उचलून आणले तर हा धडा अर्धवट राहतो आणि पुढे तो तुम्हाला शिकवावा लागतो.

गावात पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात पिल्ले जास्त दिसतात. डिसेंबरात जन्मलेले पिल्लू फेब्रुवारीत घरी आले, तर त्याच्या लसी पूर्ण होईपर्यंत उन्हाळा लागतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात दाट केसांच्या, थंड प्रदेशातल्या जातींचे फार हाल होतात. सपाट नाकाच्या जातींना तर साध्या उकाड्यातही श्वास घेणे कठीण जाते. आपल्या हवेत देशी पिल्लू चांगले टिकते.

पिल्लू निवडताना पुढील गोष्टी पाहा:

• डोळे स्वच्छ आहेत, नाकातून पू येत नाही.
• पिल्लू हालचालीत चपळ आहे आणि दूध किंवा अन्न आवडीने खाते.
• शेपटीखालचा भाग कोरडा आहे, जुलाब नाहीत.
• आईला लस दिली आहे का, पिल्लांना जंताचे औषध दिले आहे का, हे विचारा.
• आई अचानक मेली असेल, आक्रमक झाली असेल किंवा तिला पिसाळलेला कुत्रा चावला असेल, तर ते पिल्लू घरी आणू नका. अशा पिल्लाला हाताळले असेल तर डॉक्टरांना सांगा.

पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकांकडे जा. तालुक्याच्या गावी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने असतात. गुंतागुंतीच्या आजारासाठी नागपूरला सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

पिल्लाच्या लसी

पिल्लाला जन्मानंतर आईच्या चिकातून काही प्रतिकारशक्ती मिळते. ती हळूहळू कमी होते, पण शिल्लक असेपर्यंत लसीचा परिणाम पूर्ण होऊ देत नाही. ती नेमकी कोणत्या दिवशी संपेल हे सांगता येत नाही. म्हणून एकच लस एकदा देऊन भागत नाही, ती ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते.

• ६ ते ८ आठवडे: डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस इत्यादी रोगांवरील एकत्रित लसीचा पहिला डोस.
• त्यानंतर दर ३ ते ४ आठवड्यांनी, वय १६ आठवडे होईपर्यंत: याच लसीचे पुढचे डोस. लेप्टोस्पायरोसिसची लसही यात घेतात.
• सुमारे १२ आठवडे: रेबीजची पहिली लस. पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे बूस्टर.
• पुढे दरवर्षी: रेबीज आणि एकत्रित लस. तारखांची वही सांभाळून ठेवा.

यातल्या लेप्टोस्पायरोसिसकडे धानाच्या जिल्ह्यात विशेष लक्ष द्यावे. हा रोग उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात पसरतो. बांधीतल्या पाण्यातून फिरून आलेल्या कुत्र्याला तो होऊ शकतो आणि कुत्र्याच्या मूत्रातून माणसालाही. रोवणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल किंवा पिवळे होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना ‘घरी कुत्रा आहे, शेतात पाण्यात काम केले आहे’ हे आवर्जून सांगा.

सर्व डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला अनोळखी कुत्र्यांच्या विष्ठेच्या जागी सोडू नका. उलट्या आणि रक्तमिश्रित, दुर्गंधीयुक्त जुलाब ही पार्व्होची लक्षणे असू शकतात. या आजारात पिल्लू एक-दोन दिवसांत दगावू शकते. घरगुती उपाय करत वाट पाहू नका.

जंत, गोचीड आणि मुलांचे आरोग्य

गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच किंवा दुधातून मिळतात. त्यामुळे दिसायला निरोगी असलेल्या पिल्लातही जंत असतात असेच धरून चालावे. जंताचे औषध साधारण दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी देतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यकांकडूनच घ्या.

या जंतांची अंडी मातीत मिसळतात. अंगणात खेळणारे मूल मातीचा हात तोंडात घालते आणि अंडी पोटात जातात. त्यातून निघालेल्या अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात पोहोचून दृष्टीचे नुकसान करू शकतात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना मातीत परिपक्व व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलून खड्ड्यात पुरली, तर हा धोका मोठ्या प्रमाणात टळतो. अंकुशकृमीच्या अळ्या मात्र ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरतात आणि नागमोडी, खाजणारी रेघ उमटते. मुलांना अंगणातही चपला घालण्याची सवय लावा.

पिल्लाच्या कानात, बोटांच्या बेचक्यात आणि मानेखाली रोज गोचीड तपासा. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. बोटांनी चिरडू नका आणि रॉकेल लावू नका. गोठ्यात जनावरांवर फवारायचे औषध स्वतःच्या अंदाजाने पिल्लाला लावणे धोक्याचे आहे.

चावण्याची सवय कशी मोडावी?

पिल्लू रागाने चावत नाही. त्याला जग तोंडाने चाचपायचे असते. शिवाय साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागतात आणि हिरड्या शिवशिवतात. सातव्या महिन्यापर्यंत हे चालते. ‘मोठे झाले की आपोआप सुटेल’ असे मानू नका. पिल्लाचा दात आज ओरखडा काढतो, पण सवय तीच राहिली तर वर्षभराने तोच जबडा हाड मोडू शकतो.

पुढील क्रम घरातल्या सर्वांनी सारखाच पाळा:

१. पिल्लाशी कधीही हाताने किंवा पायाने झोंबाझोंबी करू नका. हात हे खेळणे आहे असे त्याला वाटता कामा नये.
२. दात लागला की हात झटकू नका. झटकल्याने त्याला पाठलागाचा खेळ मिळतो. हात सैल सोडा, खेळ तिथेच थांबवा आणि अर्धा मिनिट त्याच्याकडे पाठ करा.
३. पिल्लू शांत झाले की चावायला योग्य वस्तू द्या. जुन्या सुती कापडाची गाठ ओली करून थंड केलेली किंवा रबरी खेळणे चालेल. जुनी चप्पल देऊ नका. जुन्या आणि नव्या चपलेतला फरक त्याला कळत नाही.
४. त्याने योग्य वस्तू चावली की लगेच शाबासकी द्या.
५. फार दमलेले पिल्लू जास्त चावते. लहान पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपू शकते. झोपेत त्याला उठवू नका.

मारणे, नाक दाबणे, तोंड विष्ठेत घासणे, मिरची लावणे, दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणे या प्रकारांनी पिल्लू चावणे सोडत नाही. ते हाताला भिऊ लागते, आणि भ्यालेला कुत्रा गुरगुरण्याआधीच चावतो. पिल्लू गुरगुरले तर त्यासाठीही त्याला मारू नका. गुरगुरणे ही सूचना आहे. मारून ती बंद केली, तर पुढचा चावा सूचना न देता येतो.

शी-शू आणि पहिले शब्द

दोन महिन्यांचे पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरू शकत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यानंतर पाच ते वीस मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्याआधी त्याला अंगणातल्या किंवा सांदवाडीतल्या एका ठरलेल्या जागी न्या. काम झाले की तिथेच, दोन सेकंदांच्या आत शाबासकी आणि नखाएवढा खाऊ द्या. घरात येऊन दिलेले बक्षीस कशासाठी आहे हे त्याला कळत नाही. घरात घाण झाली तर ओरडू नका, गुपचूप साबणाने धुवून टाका. वास राहिला तर ते पुन्हा तिथेच जाईल.

शब्द थोडे ठेवा: त्याचे नाव, ‘ये’, ‘बस’, ‘सोड’. आजी ‘बस’ म्हणते, मुलगा दुसराच शब्द वापरतो आणि बाबा नुसता हात दाखवतात, असे झाले तर पिल्लू गोंधळते. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येकी पाच मिनिटे पुरे. ‘सोड’ हा शब्द आरोग्यासाठी सर्वांत उपयोगी आहे. तोंडातली वस्तू ओढून घेण्याऐवजी तिच्या बदल्यात खाऊ द्यायचा. असे शिकलेले पिल्लू पुढे अन्नाचे भांडे उचलणाऱ्या मुलावर धावून जात नाही.

तीन ते चौदा आठवडे या वयात पिल्लू जे शांतपणे अनुभवते, त्याची भीती त्याला पुढे सहसा राहत नाही. याच दिवसांत त्याला काठी घेतलेले आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, सायकल, ट्रॅक्टर, बैल, मिक्सरचा आवाज यांची दुरून, खाऊ देत ओळख करून द्या. लस पूर्ण झाली नसेल तर कडेवर घेऊन फिरवा. दिवाळीचे फटाके आणि त्यानंतरच्या मंडईचे भोंगे यांना घाबरलेले पिल्लू पळून जाते किंवा जवळ येणाऱ्याला चावते. अशा वेळी त्याला आतल्या खोलीत ठेवा आणि मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.

कोका, नागझिरा किंवा पवनी-कऱ्हांडला जंगलाजवळच्या गावांत पिल्लाला रात्री अंगणात बांधून ठेवू नका. कुत्रा हे बिबट्याचे सोपे भक्ष्य आहे. त्यामागे बिबट्या दारापर्यंत आला तर धोका घरातल्या माणसांनाही असतो.

खाणे, ऊन आणि घरातली विषे

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा खायला द्या. नुसता दूध-भात पुरेसा नाही. वाढीसाठी प्रथिने लागतात. उकडलेले अंडे, हाडे काढलेले चिकन किंवा पिल्लांसाठीचा तयार आहार द्या. गाईचे दूध काही पिल्लांना पचत नाही आणि जुलाब होतात. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात, ती देऊ नका.

चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला विषारी आहेत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अशी माणसांची औषधे पिल्लाला कधीही देऊ नका. कुत्र्याचे सामान्य तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे अंग गरम लागले म्हणजे ताप आहे असे नाही. धानाच्या कोठीजवळ ठेवलेले उंदराचे औषध आणि फवारणीचे डबे कुलपात ठेवा.

एप्रिल-मे महिन्यांत पिल्लाला पहाटे आणि सूर्यास्तानंतरच बाहेर काढा. रस्त्यावर तळहात पाच सेकंद ठेवता येत नसेल, तर तिथे त्याचे पंजेही भाजतात. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, लडखडणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. सावलीत आणा, अंगावर साधे पाणी घाला, पंखा लावा आणि दवाखाना गाठा.

घरात कोणी विशेष काळजी घ्यावी?

• लहान मुले: पाच वर्षांखालील मूल आणि पिल्लू यांना एका क्षणासाठीही एकटे सोडू नका. लहान मुलांना चावा अनेकदा चेहऱ्यावर किंवा डोक्यावर बसतो आणि तो जास्त धोक्याचा असतो. मुले मारतील या भीतीने चावा लपवतात. ‘दात लागला तर सांगायचे, कोणी रागावणार नाही’ हे त्यांना आधीच सांगून ठेवा.
• सिकलसेलचे रुग्ण: पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात प्लीहा नीट काम करत नाही. अशा व्यक्तीला कुत्र्याच्या लाळेतील काही जिवाणूंमुळे रक्तात गंभीर संसर्ग होऊ शकतो. रेबीजच्या लसीबरोबर प्रतिजैविकाची गरज आहे का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. प्लीहा काढलेल्या, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांनाही हेच लागू आहे.
• गरोदर स्त्रिया: टोक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून पसरतो, कुत्र्याच्या नाही. घरात कुत्रा असणे गरोदरपणात वर्ज्य नाही. चावा झाला तर रेबीजची लस गरोदरपणातही सुरक्षित आहे आणि ती टाळू नये.

दात लागला तर काय करावे?

१. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. यामुळे विषाणूंचे प्रमाण खूप कमी होते.
२. पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावा. हळद, मिरची, चुना, तेल, तंबाखू लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.
३. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

उपचार जखमेच्या प्रकारावर ठरतात. धडधाकट त्वचेला पिल्लाने नुसते चाटले असेल तर लसीची गरज नसते. रक्त न आलेला ओरखडा किंवा उघड्या त्वचेला दात घासला असेल तर लस लागते. त्वचा फाटून रक्त आले, जुन्या जखमेवर चाटले किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. हे तयार संरक्षण जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. ते पहिल्याच दिवशी मिळावे. राहून गेले तर पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंतच देता येते. काही ठिकाणी ते उपलब्ध नसते, म्हणून लस घेतानाच ‘इम्युनोग्लोब्युलिन लागेल का आणि कुठे मिळेल’ असे विचारा.

रेबीजची लस शासकीय रुग्णालयांत मोफत मिळते. भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा तालुक्याचे उपजिल्हा अथवा ग्रामीण रुग्णालय येथे जा. त्वचेत देण्याची लस दोन्ही दंडांवर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. स्नायूत देण्याची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. पोटात १४ इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती अजून अनेक वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. ती जुन्या लसीची आठवण आहे. ती लस भारतात २००४-०५ च्या सुमारासच बंद झाली.

‘कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. त्याचा अर्थ दहा दिवस थांबून मग लस घ्यायची असा नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची आणि त्याच वेळी पिल्लावर नजर ठेवायची. दहा दिवसांनंतर ते ठणठणीत असेल, तर पुढचे डोस कमी करायचे का हे डॉक्टर ठरवतील. पिल्लाला लस दिलेली असली तरी निर्णय स्वतः घेऊ नका, लसीची वही घेऊन जा. पूर्वी पूर्ण लस घेतलेल्या व्यक्तीला पुन्हा चावा झाल्यास ० आणि ३ ऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात. इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. म्हणून आपली कागदपत्रेही जपून ठेवा.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

पिल्लाचे वागणे अचानक बदलले, आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, खालचा जबडा लोंबू लागला, गिळता येईना किंवा मागचे पाय लटपटू लागले, तर रेबीजची शंका घ्या. ‘घशात हाड अडकले असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. त्याला एका खोलीत बंद करा आणि पशुवैद्यकांना कळवा.

पिल्लू कारण न कळता अचानक मेले, तर त्याला पुरून विषय संपवू नका. त्याआधीच्या दहा दिवसांत ज्यांना दात लागला किंवा ज्यांच्या जखमेला, डोळ्याला अथवा तोंडाला लाळ लागली, त्या सर्वांची यादी करा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. शेजारची मुलेही त्यात धरा. माणसात लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी कमी तर कधी जास्त. उशीर झाला असे वाटले तरी लक्षणे सुरू होण्यापूर्वी लस घेतलीच पाहिजे.

थोडक्यात

पिल्लू आठ आठवड्यांनंतर आणा. त्याच्या लसीच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर आजच लिहा. पहिल्या दिवसापासून हात हे खेळणे नाही हे शिकवा. दात लागला तर १५ मिनिटे साबणाने धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. चावणारे पिल्लू किती लहान आहे यावर रेबीजचा धोका ठरत नाही.